‘घाशीराम कोतवाल’ हा सिनेमा बघितलाय का कुणी? (आणि असेच सहसा न दिसणारे, डोक्यावरून जाणारे सिनेमे)

रीळवेडा | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, दोन-तीन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय तेव्हा चुभूद्याघ्या.

झालं असं की मित्राच्या हार्ड डिस्कवर ‘घाशीराम कोतवाल’ नावाची फाइल दिसली, मला वाटलं नाटकाचं जुनं चित्रीकरण असेल, म्हणून जेवताना लावली. दहा मिनिटांत जेवण थंड. हा सिनेमा आहे! १९७६ चा, मराठी. मी पुण्यात वाढलो, घरात विजय तेंडुलकरांची पुस्तकं कपाटभर, आणि असा सिनेमा आहे हे मला या वयात कळतंय. बाबांना विचारलं तर म्हणाले “सिनेमा कसला, नाटक रे ते, मी तीनदा पाहिलंय”, आणि मग पुढचा अर्धा तास भरत नाट्य मंदिर, १९७२ चा डिसेंबर, जब्बार पटेल, चंदावरकरांचं संगीत. ते सगळं मला पाठ आहे. सिनेमा मात्र त्यांनाही माहीत नाही.

तर थोडक्यात. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि बँकेचं कर्ज काढून हा सिनेमा केला. दिग्दर्शक एक नाही, चार. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. कॅमेऱ्यावरपण चौघं, बिनोद प्रधान, राजेश जोशी, वीरेंद्र सैनी आणि मनमोहन सिंग (ते नव्हेत). पटकथा खुद्द तेंडुलकरांची. नाना फडणवीस मोहन आगाशेच, पण घाशीराम नाटकातले रमेश टिळेकर नाहीत, ओम पुरी आहे! कोवळा, हडकुळा, अगदी सुरुवातीचा ओम पुरी, आणि मराठी बोलतोय.

आणि हे सगळं कधी तर ऐन आणीबाणीत. कोतवालाच्या हातात सगळं शहर दिल्यावर काय होतं याची गोष्ट, त्या वर्षात.

आता खरं सांगतो, पहिला तासभर माझी चिडचिड झाली. डोक्यात नाटकाची लय बसलेली, तो ठेका, ती माणसांची हलती भिंत, आणि इथे कॅमेरा आपला शांतपणे सरकतोय, शॉट संपतच नाही, माणसं चौकटीत येतात जातात, कुणावर थांबायचं ते आपणच ठरवायचं. मग कधीतरी नाटक डोक्यातून निघालं आणि बघायला लागलो. संपल्यावर लगेच परत लावला असं काही नाही, पण चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये.

अजून एक. या सिनेमाची प्रिंट टिकली ती बर्लिनमध्ये, आर्सेनाल नावाच्या संस्थेच्या संग्रहात. तिच्यावरून त्यांनी डिजिटल प्रत करून घेतली म्हणून आज बघायला तरी मिळतोय. पेशव्यांच्या पुण्याचा सिनेमा, पुण्यात शिकलेल्या पोरांनी केलेला, आणि जपला कुणी तर जर्मनांनी.

तुम्ही असं काय काय पाहिलंय? कमी लोकांनी पाहिलेलं, प्रायोगिक, विचित्र, कुठलंही चालेल. लिहा.

पेठेतलाप्राणी | शनिवार, रात्री ११:५८

पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पेठेतलाप्राणी | रविवार, रात्री १२:२१

बरं आता सिरियसली. रीळवेडा, राग मानू नका पण जे सिनेमे कुणी पाहिले नाहीत ते बहुतेक वेळा पाहण्यासारखे नसतात म्हणून पाहिलेले नसतात. ‘दुर्मिळ’ हा काय गुण आहे का राव. माझ्या आजोबांकडे १९५२ सालचं एक रेशनकार्ड आहे तेही दुर्मिळच आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंय तासभर चिडचिड झाली. नाव मणी कौल नसतं आणि प्रिंट बर्लिनला सापडली नसती तर तुम्ही तो तासभर थांबला असता का, मनापासून सांगा.

रीळवेडा | रविवार, रात्री १२:३५

पेप्रा, प्रश्न बरोबर आहे. नसतो थांबलो बहुतेक.

पण उलटं बघा ना, वाईट आहे म्हणायला तरी आधी तो दिसला पाहिजे. ‘शोले’ कुणाला आवडत नाही तर तो तसं म्हणू शकतो, कारण ‘शोले’ समोर आहे. इथे वाईट म्हणायचीपण सोय नाही. मग होतं काय, ज्या पाचपन्नास लोकांनी पाहिलाय ते म्हणतात ग्रेट आणि बाकीचे मुकाट ऐकून घेतात. मला ते नकोय. मला भांडता आलं पाहिजे.

पेठेतलाप्राणी | रविवार, रात्री १२:३९

हे बाकी पटलं. झोपतो.

जाईजुई | रविवार, सकाळी ७:१०

सकाळी चहाबरोबर धागा वाचला, मजा आली. मी यातला एक सिनेमा पाहिलाय हो! ‘उसकी रोटी’. मणी कौल यांचाच, १९७० चा. माझा भाऊ प्रभात चित्र मंडळाचा, म्हणजे फिल्म सोसायटीचा सभासद होता, त्याला भारी हौस, परदेशी सिनेमे बघायला जायचा आणि घरी येऊन आम्हाला शिकवायचा. एकदा म्हणाला ताई चल, हिंदी आहे, तुला कळेल. मी गेले. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल.

कळलं ते एवढंच, पंजाबातलं एक गाव, सुच्चासिंग नावाचा बस ड्रायव्हर, त्याची बायको बालो रोज त्याच्यासाठी भाकऱ्या घेऊन हमरस्त्यावर येऊन उभी राहते, बस यायची वाट बघत. तो तिकडे पत्ते कुटतोय, दुसरी बाई पण आहे. एक दिवस हिला उशीर होतो, तो रागावून जातो, आणि मग ही उभीच. बस. एवढंच. मी मध्ये झोपले. झोपेतून उठले तरी ती उभीच होती!! भावाला म्हटलं तिकिटाचे पैसे परत मिळतात का बघ. तो आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.

पण गंमत सांगते, सिनेमे इतके पाहिले आयुष्यात, हजारएक तरी असतील, त्यातले किती आठवत नाहीत. ती बाई मात्र झाडाखाली उभी असलेली अजून दिसते. का ते मला माहीत नाही. तुम्ही शिकलेली मुलं सांगा.

फोकसपुलर | रविवार, सकाळी ९:४५

जाईजुई काकू, दंडवत! ‘उसकी रोटी’ तेव्हा थिएटरच्या पडद्यावर पाहिलेलं माणूस या साइटवर आहे आणि आम्हाला पत्ताच नाही.

मी कॅमेरा असिस्टंट होतो काही वर्षं, आता लग्नाची शूटिंगं करतो (हसू नका, पोट आहे). त्यामुळे थोडं तांत्रिक. मूळ कथा मोहन राकेश यांची. कॅमेरा के. के. महाजन. आता हे नाव ओळखीचं नसेल तर सांगतो, ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ त्यांनीच शूट केलेत, म्हणजे अमोल पालेकर बसस्टॉपवर विद्या सिन्हाची वाट बघतोय तो कॅमेरा आणि बालो बसथांब्यावर उभी आहे तो कॅमेरा एकाच माणसाचा. बसस्टॉप स्पेशालिस्ट!

तर कौल आणि महाजन यांनी यात मुख्यतः दोनच भिंगं वापरली, २८ आणि १३५. २८ म्हणजे वाइड, त्यात जवळचं लांबचं सगळं स्वच्छ दिसतं, मोकळं. १३५ ही टेली, त्यात एवढासा पट्टा फोकसमध्ये राहतो, मागचं पुढचं सगळं विरघळल्यासारखं. सुरुवातीला आपण धरून चालतो की एका भिंगातून दिसतंय ते खरं घडतंय आणि दुसऱ्यातून दिसतंय ते तिच्या मनातलं. पुढे पुढे त्यांनी हे मुद्दाम उलटंपालटं केलंय. मग तो आला का, की तिला वाटलं आला, हे ठरवता येत नाही. आणि सांगायला कुणी येत नाही, ना म्युझिक, ना धूसर होत जाणारा फ्लॅशबॅक, काही नाही.

आमचे एक सर म्हणायचे गोष्टीसाठी बघू नका, हातांसाठी बघा. पीठ मळणारे, फळ झेलणारे, दार ढकलणारे हात. काकू, परत बघितलात तर हात बघा.

जाईजुई | रविवार, सकाळी १०:३०

फोकसपुलर, तुमचं ते भिंगाचं वाचून दोन मिनिटं काही सुचेना मला.

आमचे हे गिरणीत होते, सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटायची. लालबागला चाळीत राहायचो, मी गॅलरीत उभी राहायची. कोपऱ्यावरून माणूस वळला की वाटायचं हेच. चाल तीच, सदरा तोच. जवळ आल्यावर दुसराच कुणी. असं रोज चार-पाच वेळा व्हायचं. आणि कधी खरंच हे यायचे तेव्हा मला वाटायचं नाही, हेही दुसरेच कुणी असतील. इतकी वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

आणि मी त्या सिनेमात झोपले.

रंगपेटी | रविवार, सकाळी १०:५२

जाईजुई ताई __/\__

रीळवेडा | रविवार, सकाळी ११:०५

काकू, धागा इथेच वसूल झाला.

नाशिककर_जर्सीत | रविवार, सायंकाळी ६:१५ (आमच्याकडे सकाळ)

मस्त चाललंय. माझ्याकडून ‘दुविधा’, १९७३. पुन्हा मणी कौलच, सॉरी, पण या माणसाला टाळून हा विषय पुढे जातच नाही.

याची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, फक्त माहीत आहे हे माहीत नाही. विजयदान देथा यांची राजस्थानी कथा. नवी नवरी, लग्न लागल्या लागल्या नवरा व्यापाराला पाच वर्षं निघून जातो, झाडावरचं भूत तिच्या प्रेमात पडतं आणि नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. आलं लक्षात? ‘पहेली’! शाहरुख, राणी, आणि दिग्दर्शक आपले अमोल पालेकर (फोकसपुलर, तुमचा बसस्टॉपवालाच). २००५ ला भारताकडून ऑस्करला तोच गेला होता.

दोन्ही लागोपाठ बघा, एका वीकेंडला. मी बायकोबरोबर बघितले, आधी ‘पहेली’, तिला आवडला, मलाही आवडतो, गाणी बिणी, रंग, बाहुल्या, छान आहे. शेवटी भूत परत येतं आणि सगळं गोड. मग ‘दुविधा’ लावला. यात बोलणं जवळजवळ नाहीच, एक आवाज गोष्ट सांगतो आणि माणसं गप्प उभी. पांढऱ्या भिंतीसमोर लाल ओढणी. मध्येच चित्र थिजतं. बायको म्हणाली नेट गेलं का. नाही गं, सिनेमाच आहे तो.

पण शेवट. भूत कातडी पिशवीत बंद होतं, धनगर त्याला चतुराईने पकडतो, आणि ते गेल्यावर ती मुलगी राहते त्या खऱ्या नवऱ्याजवळ, ज्याला ती ओळखतही नाही. तिला कुणी विचारतच नाही. पालेकरांनी तिला तिचं भूत परत दिलं आणि थिएटरातून सगळे खूश होऊन घरी गेले. कौलनी काहीच दिलं नाही. बायको रात्री एक वाजता म्हणाली, तो पहिला सिनेमा खोटा वाटायला लागलाय आता मला. मी म्हटलं झोप.

नवरी झालेली रईसा पदमसी, म्हणजे चित्रकार अकबर पदमसी यांची मुलगी. आणि कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा, त्यांचा हा पहिलाच सिनेमा. शूटिंग देथांच्या स्वतःच्या बोरुंदा गावात. कौलना या सिनेमासाठी दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, म्हणजे सरकारला माहीत होतं, प्रेक्षकांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पेठेतलाप्राणी | रविवार, सायंकाळी ६:४०

‘पहेली’वर वाईट बोललेलं खपवून घेणार नाही. बाकी चालू द्या.

रंगपेटी | रविवार, रात्री ८:२०

पदमसींचं नाव आलंच आहे तर मी लिहिते. मी जेजे कला महाविद्यालयाची, त्यामुळे मला ते आधी चित्रकार म्हणून माहीत, सिनेमाचं फार उशिरा कळलं.

१९६९ च्या सुमारास त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली. दुसरा कुणी असता तर त्या पैशात स्वतःची चित्रं रंगवत बसला असता. यांनी मुंबईत नेपियन सी रोडला एक वर्कशॉप उघडलं, व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप. कॅमेरा, एडिटिंगचं सामान, डार्करूम, आणि चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले सगळ्यांना या म्हणून सांगितलं. नलिनी मालानी तेव्हा नुकत्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या, त्यांनी तिथेच पहिले फिल्मचे प्रयोग केले. कितीतरी दशकं ते कुणी पाहिले नव्हते, आता जगभरच्या म्युझियममध्ये लागतात.

पदमसींनी स्वतः दोन फिल्म केल्या. एक ‘सिझिजी’, अकरा मिनिटांची, मूक, नुसत्या रेषा आणि ठिपके, गणिती पद्धतीने वाढत जाणारे. ती आहे. मी पाहिलीय. पेप्रा, तुम्ही पळून जाल, पण मला ती बघताना आजीची रांगोळी आठवली, ठिपके मांडून झाले की ती क्षणभर थांबायची आणि मग हात सुटायचा, तसं काहीतरी.

दुसरी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. ही नाही. एकच प्रिंट होती, दिल्लीला एका प्रदर्शनासाठी पाठवली, ती परत आलीच नाही. गेली. निगेटिव्ह नाही, कॉपी नाही, काही नाही. २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया यांनी त्याच नावाची एक छोटी फिल्म केली, म्हातारे पदमसी आणि ते मिळून त्या हरवलेल्या फिल्मचं काय काय आठवतं ते शोधतायत. पदमसी २०२० च्या जानेवारीत गेले.

आता रीळवेडा, तुमचं ते “भांडता आलं पाहिजे” मला पटतं, पण इथे काय करायचं. जी फिल्म बघणारी माणसंसुद्धा आता जवळपास संपलीत तिच्याशी भांडायचं कसं. मला कधीकधी वाटतं कुठल्यातरी सरकारी कपाटामागे तो डबा असेल आणि त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवत असेल रोज.

घोंगडी | रविवार, रात्री ८:५५

पाचेक मिनिटांची फिल्म हरवली तर एवढं काय, असं लिहायला आलो होतो पण चहाच्या कपाने गप्प केलं.

फोकसपुलर | रविवार, रात्री ९:३०

मंडळी एक वेगळा मुद्दा. आपण “कमी पाहिलेले” म्हणतोय ना, मग फिल्म्स डिव्हिजनचं काय? सरकारी खातं, १९४८ सालचं, आणि एके काळी प्रत्येक थिएटरला मुख्य सिनेमाआधी त्यांच्या फिती दाखवणं सक्तीचं होतं. लोक तेव्हा बाहेर वडा खात असायचे ते सोडा. पण त्याच खात्यात साठच्या दशकाच्या शेवटी जहांगीर भावनगरी वगैरे मंडळींच्या आधाराने काय धिंगाणा चालला होता बघा.

प्रमोद पती. ओडिशाचे, प्रागला जाऊन बाहुलीपट शिकून आलेले. त्यांची ‘एक्सप्लोरर’ बघा, १९६८ ची, सातेक मिनिटं. नाचणारी पोरं, प्रयोगशाळा, देवळं, ओम, सगळं इतक्या वेगाने आदळतं की डोळे दुखतात, आणि वर विजय राघव राव यांचा साउंड, हो तेच बासरीवाले, पण इथे बासरी शोधू नका. सरकारी पैशाने! वर अशोकस्तंभ आणि खाली हे! आज कुणी असं प्रपोजल दिलं तर पहिल्या टेबलावरच...

असो.

मग ‘आबिद’, १९७२. चित्रकार आबिद सुरती एका खोलीत, खोली, भिंती आणि माणूस सगळं रंगत जातं, एकेक फ्रेम थांबवून शूट केलंय, माणूसच ॲनिमेशनमधल्या बाहुलीसारखा उडतो. आणि हे आबिद सुरती म्हणजे ‘धर्मयुग’मधल्या ‘ढब्बूजी’वालेच, आणि म्हातारपणी मीरा रोडला रविवारी प्लंबर घेऊन लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरणारेही तेच. एका माणसाने किती करावं.

एस. एन. एस. शास्त्रींची ‘आय ॲम ट्वेंटी’ तर ज्याला प्रायोगिक बियोगिक आवडत नाही त्यानेही बघावी. १९४७ ला जन्मलेल्या पोरापोरींना १९६७ ला विचारलंय, देशाबद्दल काय वाटतं. काहींची उत्तरं ऐकून वाटतं कालच रेकॉर्ड केलीत.

पती १९७५ मध्ये गेले, चाळिशीच्या थोडे पुढे. आणि ते सगळं खातंच २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालं.

पेठेतलाप्राणी | रविवार, रात्री ११:१५

फोकसपुलर तुमच्या नादाने ‘आबिद’ बघितली. पाच मिनिटंच होती म्हणून. मग ‘एक्सप्लोरर’. मग ‘ट्रिप’. मग परत ‘आबिद’, पोराला दाखवायला. पोरगं आठ वर्षांचं आहे, म्हणालं बाबा आपण पण करू. आता हॉलमध्ये मोबाइल स्टँडवर लावून बसलाय आणि मी सोफ्यावर एकेक इंच सरकतोय. बायको मला बघतेय.

याला मी ‘आवडलं’ म्हणत नाहीये. नोंद घ्यावी.

घोंगडी | रविवार, रात्री ११:३०

हसून हसून पुरेवाट. पेप्रा तुमचं झालं.

पेप्राला पुढचा डोस म्हणून ‘ॐ दर-ब-दर’ सुचवतो. कमल स्वरूप, म्हणजे वर घाशीरामच्या चौकडीतलेच एक. १९८८ ला पूर्ण झाला, बर्लिनला दाखवला, आणि इथे थिएटरला लागायला २०१४ चा जानेवारी उजाडला. सव्वीस वर्षं! मधल्या काळात घासून घासून पांढऱ्या पडलेल्या व्हिडिओ कॅसेटी होस्टेलांमधून फिरायच्या. मी पहिल्यांदा तसाच पाहिला, अर्धा पडदा दिसत नव्हता, संवाद तुटक, आणि आम्हा पाच जणांना वाटायचं की आपल्याला काहीतरी गुप्त मिळालंय. पुढे नवी स्वच्छ प्रत थिएटरात पाहिली तर सगळं दिसतंय आणि तरी काही कळत नाहीये, तेव्हा कळलं की दोष कॅसेटचा नव्हता.

गोष्ट विचारू नका. अजमेर-पुष्कर, ओम नावाचं पोरगं, श्वास रोखून धरण्यात पटाईत, ज्योतिष सांगणारे बाबूजी, पोटात हिरे असलेले बेडूक, टूथपेस्ट, नील आर्मस्ट्राँग. हे सगळं एका सिनेमात. पण हसायला येतं हो, खूप येतं, हे कुणी सांगत नाही. सगळे आपले ‘उत्तर आधुनिक’ वगैरे लिहितात. लहान गावात वाढलेल्या पोराच्या डोक्यात जाहिराती, पुराण, सायन्सचं पुस्तक आणि पोरींबद्दलची उत्सुकता जशी एकात एक कालवलेली असते ना, तसाच सिनेमा आहे. आमच्या बार्शीत मी वेगळा काय वाढलो?

नाशिककर_जर्सीत | सोमवार, पहाटे ५:०५

+१०० घोंगडी. “दोष कॅसेटचा नव्हता” हे फ्रेम करून लावतो.

अवांतर: अरुण खोपकर. आपल्याकडे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ या पुस्तकामुळे माहीत आहेत, पण मणी कौलच्या ‘आषाढ का एक दिन’मध्ये कालिदास तेच आहेत! मल्लिका रेखा सबनीस. १९७१.

मिसळपाव_नको_फक्त_पाव | सोमवार, सकाळी ८:४०

कुणीच ‘गोदाम’ म्हणालं नाही? कमाल आहे. दिलीप चित्रे हो! कवी दिलीप चित्रे, तुकाराम इंग्रजीत नेणारे. भाऊ पाध्येंच्या कथेवर त्यांनी सिनेमा केला, पटकथा दिग्दर्शन संगीत सगळं स्वतः, कॅमेरा गोविंद निहलानी. १९८४ ला फ्रान्समध्ये नांतच्या फेस्टिव्हलला ज्युरीचं पारितोषिक मिळालं. हिंदीत आहे पण रक्त अस्सल मराठी लघुअनियतकालिकवालं (लिटल मॅगझिनवालं). भाऊ पाध्ये म्हटल्यावर ‘वासूनाका’ वाचलेली माणसं इथे शंभर निघतील, ‘गोदाम’ पाहिलेली किती?

मीही पाहिलेला नाही. म्हणून तर विचारतोय.

रीळवेडा | सोमवार, सकाळी १०:१०

बघा, हेच. ‘गोदाम’बद्दल आपण सगळे बोलू शकतो आणि पाहिलेला एकही नाही. पेप्राचा पहिला प्रश्न इथे परत येतो, दुर्मिळ म्हणजे चांगलं असं आपण मनात धरून बसतोय. कदाचित कंटाळवाणा असेल! कवीने केलेला सिनेमा आहे, शक्यता भरपूर.

तर ठरवलंय. येत्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्याकडे, कोथरूड. भिंत पांढरी आहे, प्रोजेक्टर फोकसपुलर लग्नाचं कंत्राट नसेल तर आणणार आहेत. आधी ‘आबिद’, मग ‘दुविधा’, ताकद उरली तर ‘घाशीराम’. बाबा पण बसणार आहेत, नाटकाशी तुलना करायला वही घेऊन. कुणी मध्ये उठून गेलं तर चालेल, झोपलं तर चालेल, फक्त घोरू नये. नंतर कुणी “फारच अंतर्मुख करणारा अनुभव” असं म्हटलं तर त्याला चहा नाही.

पत्ता खासगी निरोपात पाठवतो.

पेठेतलाप्राणी | सोमवार, सकाळी १०:१४

मी येणार. बाकरवडी आणतो. विरोधी पक्ष म्हणून बसेन.

फोकसपुलर | सोमवार, दुपारी १:००

शनिवारी मुहूर्त नाही, पंचांग बघितलं. येतो.

जाईजुई | सोमवार, दुपारी २:३०

मुलगा पुण्यातच असतो, त्याच्याकडेच असते मी आता. मला आणून सोडेल. ‘उसकी रोटी’ पण ठेवाल का हो, आधी? माझं अर्धं राहिलंय.

कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का?

रीळवेडा | सोमवार, दुपारी २:३४

काकू, तिसरा मजला, लिफ्ट आहे. ‘उसकी रोटी’ पहिली लावतो, बाकीचे थांबतील.

पेठेतलाप्राणी | सोमवार, दुपारी २:३६

म्हणजे सगळेच थांबलेले.